डावीचा दांडा उजवीकडे

बेकरीवाल्याची गाडी डावीकडे इतकी कलली होती, की गॅरेजच्या दारातून ती मुरडतच आत आली.

"केक दुकानातून सरळ निघतो आणि गिऱ्हाइकाकडे तिरका पोचतो हो," तो उतरत म्हणाला.

गॅरेजवाल्याच्या मुलीला हसू आवरेना. वडिलांच्या हाताखाली गाड्या खोलत वाढलेली ती. गिऱ्हाइकासमोर एरवी गंभीर असायची.

"टॉर्शन बार गेलेत. दोन्ही नवे टाकू."

"म्हणजे काय?"

"पोलादी दांडे. पीळ खाऊन गाडीचं वजन पेलतात."

"पीळही खायचा आणि वजनही पेलायचं? बिचारे!"

खरं तर त्याने गाडी ठेवून जायचं, पण स्टूल ओढून तो तिथेच ठाण मांडून बसला. बोलायला तर असा गोड, की गाडीखालून तिचं डोकं सारखं बाहेर येत होतं… पाना शोधायला, असं ती स्वतःला सांगत होती.

दुपारी गाडी जमिनीवर आली. दोन्ही बाजू एका रेषेत! त्याने खुशीत किल्ली उचलली आणि तिचं मन खट्टू झालं. आता कशाला येतोय हा परत?

सवयीने तिने शेवटचं एकदा गाडीखाली बॅटरी मारून पाहिली. डावीकडच्या दांड्याच्या टोकावर अक्षर होतं उजव्याचं. दिसायला दोघे जुळे भाऊ, पण प्रत्येकाचा पीळ ठरलेल्या दिशेचा. असे उलटे बसवले तर आज निमूट चालतात आणि एक दिवस भर रस्त्यात मोडतात. इतकी ढोबळ चूक तिने शिकत असतानाही केली नव्हती. सांगितलं तर अब्रू जाणार होती. पण गाडीत तो बसणार होता.

"थांबा! नेऊ नका गाडी. दांड्यांची… अदलाबदल झालीय. माझ्या हातून."

"तुमच्या? तुमचे बाबा तर म्हणाले, पोरगी डोळे मिटून बसवते!"

"डोळे मिटूनच बसवायला हवे होते," ती पुटपुटली.

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे! तुम्ही समोर बसला होतात ना… लक्ष कुठे होतं माझं!"

बोलून गेली आणि कानापर्यंत लाल झाली. मग त्याने किल्ली हळूच टेबलावर ठेवली.

"मग आता… लांब बसू?"

"इथेच बसा," जॅक लावत ती म्हणाली. "फक्त या वेळी अक्षरं तुम्ही वाचून सांगा. मी काही तुमच्याकडे बघायची थांबणार नाही."