पाण्याला झालेली कावीळ

पाण्याला कावीळ झाली होती. तीही औषधाला दाद न देणारी.

तपासणीच्या पट्टीवर विषाणूच्या रेघा उमटतात. सर्वांत खालची रेघ दिसली, की औषध निकामी. आज अकराही रुग्णांच्या पट्ट्यांवर ती होती. बारावी नळी नुसत्या शुद्ध पाण्याची, खात्रीसाठी ठेवलेली. तिच्या पट्टीवरही होती.

"वैताग आहे नुसता!" प्रयोगशाळेच्या मॅडमनी चष्मा वर सरकवला. "या आठवड्यातली चौथी वेळ!"

बाहेर बाकावर एक बसड्रायव्हर आणि त्याची बायको ताटकळत होती. त्याला हेपटायटिस बी. गोळी चालू असूनही रक्तातला विषाणू वाढतच होता. गोळी बदलायची का, हे त्या रेघेवर ठरणार होतं. रेघ खोटी निघाली, तर चांगली गोळी हकनाक सुटणार.

"आप्पा, पाण्यात काय घातलंत?"

निवृत्तीला दोन महिने उरलेले सहायक आप्पा शांत होते. "पाणी."

"बाटली?"

"नवी. सील तुम्हीच फोडलंत."

"नळ्या उघडतो त्या शेवटच्या खोलीतून काही मिश्रणाच्या पहिल्या खोलीत नेलंत?"

"तिकडचा कोट तिकडे, हातमोजे तिकडे, चपला तिकडे. तुमचाच नियम. माझं पेनसुद्धा तिकडेच जप्त आहे."

"मग मंगळवारी एकदाच पाणी कोरं कसं आलं? काय वेगळं केलं होतं?"

"काही नाही. मिश्रण नेहमीसारखं तुम्हीच केलंत. नळ्यांवरचे आकडे तेवढे दिवसभर मला वाचायला लावलेत."

मॅडमचं बोट चष्म्याकडे निघालं आणि वाटेतच थांबलं.

"आप्पा, गुन्हेगार सापडला."

"कोण?"

"माझ्या नाकावर बसलाय. मंगळवारी तो दुरुस्तीला दुकानात होता."

त्या मटकन स्टुलावर बसल्या. "यंत्र विषाणूच्या तुकड्याच्या कोट्यवधी प्रती काढतं. शेवटच्या खोलीत त्या नळ्या मी उघडते. वाकले, की चष्मा घसरतो. त्याच हातमोज्याने वर सरकवते. मग कोट, मोजे, चपला सगळं तिथे सोडते. चष्मा कोण सोडतं? सकाळी पहिल्या खोलीत मिश्रण करताना पुन्हा तेच बोट, तोच चष्मा. आणि ताडून बघायला आपण रोज चालवतो तो नमुना औषधाला न जुमानणारा. त्याचीच रेघ सगळीकडे."

"म्हणजे चार दिवस माझी उलटतपासणी—"

"आप्पा, पुरे."

चष्मा पिशवीत सीलबंद झाला. खोली पुसून, नव्या बाटल्या फोडून सगळं पहिल्यापासून केलं. संध्याकाळी पट्ट्या आप्पांनी वाचल्या.

"पाणी कोरं. ड्रायव्हर... खालची रेघ नाही."

"नीट बघा."

"मॅडम, मला दिसतं."

मॅडमनी ही बातमी आधी खांबाला सांगितली, मग ड्रायव्हरला. "गोळी निकामी झालेली नाही."

"मग विषाणू वाढतोय कसा?" बायकोने विचारलं.

"रोज पोटात गेली, तरच काम करते ती."

बायको सावकाश नवऱ्याकडे वळली. तो स्वतःच्या चपला निरखू लागला.

"अहो," ती म्हणाली, "सोमवारपासून सांगा."