आईच्या नावाची तार

"तारेत लिव, आई मेली," सासूबाई म्हणाल्या, आणि चुलीपुढं बसलेल्या अंबूच्या हातातली भाकरी तव्याऐवजी राखेत पडली… लग्न होऊन आल्यापासून जिनं उठता-बसता वांझोटी म्हणून हिणवलं, तीच का ही सासू, बनुबाई?

अंबू दमली होती. देहानं, मनानं, आणि खरं सांगायचं तर आशेनंसुद्धा. मिरजेच्या डॉक्टरांनी पोटाला छेद देऊन, बीज ज्या पाण्याच्या फोडात वाढतं त्यातलं पाणी काढून तपासलं होतं. त्यातले रस कमी पडतात म्हणून बीज पिकत नाही, असं समजावलं होतं. आता जास्त ताकदीच्या सुया सुरू झाल्या होत्या. पुढच्या आठवड्यात बीज पिकणार, पण ते टिकणार जेमतेम एक दिवस, आणि नवरा लालासाहेब पलटणीत, तिकडं जम्मूला! 'आई सीरियस' अशी तार दोनदा करून झाली होती. दोन्ही वेळा तो आला, बीज काही पिकलं नाही, आणि साहेबानं त्याला बजावलं, तुझी आई फार वेळा आजारी पडते.

"आत्याबाई, असलं अभद्र नका बोलू. त्यांचं काळीज फाटंल."

"फाटू दे. घरी आला की शिवून दीन मी. आन् मेल्याची खोटी खबर गेली की आयुष्य वाढतं म्हणत्यात."

रहिमतपूरहून तार गेली. लालासाहेब वाटभर रडत आला, तर आई दारात जोंधळं पाखडत बसलेली! तो आधी तिच्या गळ्यात पडला, मग दिवसभर तिच्याशी बोलला नाही. पण त्या खेपेला बीज पिकलं, आणि अंबूला दिवस गेले.

सातव्या महिन्यात सासूबाई खरोखरच अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरांनी हात टेकले. अंबू तार करायला उठली, तसा त्यांनी तिचा पदर धरला.

"कुणाला बोलावतीस? पलटणीच्या लेखी मी कवाच मेली. एकच आई दोनदा मराया लागली तर रजा कोण दील त्याला?"

"तुमाला… तवाच ठावं हुतं हे?"

"तुजा सासरा पलटणीतलाच हुता की गं. समदं ठावं हुतं." त्यांना धाप लागली. "लय बोलले तुला, पोरी… मनात ठिवू नगंस. लेकाची मांडी काय आता मिळत न्हाई. तुजी दे."

अंबू भिंतीला टेकून बसली. वाढलेल्या पोटापुढं मांडी थोडीच उरली होती. तेवढ्याच जागेत तिनं सासूबाईंचं डोकं उचलून घेतलं, आणि त्यांचा श्वास थांबेपर्यंत पाय हलवला नाही.