पिवळं पाकीट

"चोरी झालीय मॅडम! थेट पोटावर पाय देणारी चोरी!"

परवाना तपासणीच्या खोलीत पैलवान शिरला तो डाव्या खांद्यानं दाराची चौकट दणकावतच. गडी ट्रकचालक, अंगानं दांडगा, म्हणून हे नाव. मागोमाग त्याचा मेहुणा आला. दोघं एकच ट्रक आळीपाळीनं चालवत.

जड वाहनाच्या चालकाला दर पाच वर्षांनी डॉक्टरचा दाखला दाखवून परवाना चालू ठेवावा लागे. पैलवानाची मुदत आज पाचला संपत होती. चार वाजून गेले होते आणि दाखला गायब!

तपासनीस बाईंनी चष्मा वर सरकवला. याच खुर्चीत त्यांनी वीस वर्षं भल्याभल्यांच्या थापा ऐकल्या होत्या.

"शेवटचा कुठे पाहिलात?"

"सकाळी, केबिनमध्ये. पिवळं पाकीट. उजवीकडच्या खणात ठेवलं होतं."

"केबिनची किल्ली कोणाकडे असते?"

"माझ्याकडे, नि ह्या दिवट्याकडे. माझा परवाना गेला की स्टिअरिंग ह्याचंच ना! बायकोचा भाऊ म्हणून डोक्यावर चढवून ठेवला, दुसरं काय!"

बाई मेहुण्याकडे वळल्या.

"तुम्ही घेतलंत पाकीट?" बाईंनी विचारलं.

"मी ते फाडलं नाही, मॅडम."

बाईंच्या मनात पाल चुकचुकली. फाडण्याचं नावही कोणी काढलं नव्हतं.

"चला, गाडी दाखवा."

ट्रक आवारात उभा होता. डावा आरसा कोरा करकरीत, त्याच बाजूचा पत्रा लांबलचक खरवडलेला.

"हे काय?"

"फाटकाला घासली, दोनदा. फाटकंच मेली अरुंद बांधतात!"

बाई पायरीवर चढल्या, केबिनमध्ये डोकावल्या, थबकल्या आणि गुपचूप खाली उतरल्या.

"पैलवान, माझ्यासमोर एकदा शोधा."

त्यानं खण उपसला, गादी उचलली, टॉवेल झटकला. "बघा! कुठे आहे?"

बाईंनी डावीकडच्या दारातून आत हात घातला आणि डॅशबोर्डच्या डाव्या टोकावरून पिवळं पाकीट उचललं. ते तिथे उघड्यावर पडलं होतं.

पैलवानाच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी पाकीट उघडून आतला दाखला वाचला.

"चोर हाच," मेहुण्याकडे बोट दाखवत बाई म्हणाल्या. "खणातून काढून पाकीट यानं तुमच्या डाव्या हाताला ठेवलं. माझ्यासमोर तुम्हाला ते सापडू नये म्हणून. दाराची चौकट, आरसा, पत्रा, सगळं डावीकडचंच. तुम्हाला त्या बाजूचं दिसत नाही. डॉक्टरांनी समोरचा अक्षरांचा तक्ता वाचून घेतला नि सही ठोकली. बाजूची नजर तपासलीच नाही."

"खोटं! सव्वीस वर्षं डोळ्यांत तेल घालून चालवतोय मी!"

"भावोजी," मेहुण्याचा आवाज चिरकला, "तीनदा सांगितलं, तीनदा अंगावर धावून आलात. परवा शाळेपाशी डावीकडून सायकलवर पोरगी आली. मी ओरडलो म्हणून ब्रेक दाबलात. वर मलाच विचारलंत, कुठली पोरगी?"

पैलवानानं मान पार वळवून त्या नव्या आरशाकडे पाहिलं.

"सायकल कसल्या रंगाची होती रे?"

"लालभडक, भावोजी."

बाईंनी पाकीट बंद केलं. "आज शिक्का नाही. आधी डोळ्यांची पूर्ण तपासणी."

पैलवानानं खिशातून किल्ली काढून मेहुण्याच्या हातावर ठेवली.

"गाडी तू घे. तुझ्या बहिणीला मी सांगतो."