सात सेकंदांचा हिरवा

गच्चीचं दार लोटून घ्या रे, वारं लागतंय. आणि मोबाईलच्या बॅटऱ्या बंद करा, चांदणं पुरे आहे.

भूत म्हटलं की तुम्हाला पिंपळ पाहिजे, पडकी विहीर पाहिजे, उलटे पाय पाहिजेत. हे घडलं ते भर शहरात, ट्रॅफिक सिग्नलखाली. खुलताबादला मोटर वायंडिंगचं दुकान टाकलेला बद्रीनाथ तुम्ही पाहिलाय. गिऱ्हाईकानं नोट दिली की उजेडाकडं धरून दोनदा बघणारा, तोच. त्याआधी तो संभाजीनगरात एका ठेकेदाराकडं सिग्नलच्या कामावर होता. त्यानं सांगितलं तसं सांगतो, पदरचं काही घालत नाही.

तारीख बारा डिसेंबर, गुरुवारची रात्र. बारा वाजून दहा मिनिटांनी बद्रीनाथनं मफलर गुंडाळला, सिग्नलच्या पेटीची चावी खिशात टाकली आणि मोटरसायकल बाहेर काढली. बायको सरूबाई दारात उभी.

"एवढ्या थंडीचं कुठं निघालात?"

"चोर धरायला."

"पोलीस हायेत की त्याला."

"ह्यो चोर पोलिसांना दिसायचा नाय," म्हणून गडी निघाला. भुताचा विचार त्याच्या मनाला शिवलाही नव्हता. त्याचा संशय जित्या माणसांवर होता.

त्याचं असं झालं. क्रांती चौकापासून सायकलीवर दहा मिनिटं गेलं की हौद चौक. दिवसा तिथं रिक्षा, सिटी बस, उसाच्या ट्रॉल्या, सगळे एकमेकांच्या अंगावर. वर्षभरापूर्वी तिथं सायकलवाल्यांसाठी कडेनं हिरवा पट्टा आखला आणि त्यांना वेगळा सिग्नलही दिला. दिव्यात इवलीशी सायकल. रात्री अकरानंतर त्याची रीत अशी, की खांबावरचं बटन दाबायचं. मग गाड्यांना लाल लागतो आणि सायकलला हिरवा. सात सेकंद. ते संपले की सायकलला लाल आणि गाड्यांना पुन्हा हिरवा.

हे सात सेकंद बद्रीनाथनंच मोजले होते. एका रविवारी सकाळी सायकल क्लबातला एक तरणाबांड गडी बोलावला. डोक्यावर हेल्मेट, बुडाखाली गिअरची सायकल, रस्ता मोकळा. तो लांबूनच वेग घेऊन आला आणि सुर्रकन पलीकडं गेला. बद्रीनाथच्या मोबाईलवर सात सेकंद. सुपरवायझर तात्यासाहेब म्हणाले, "बास झालं. जास्त दिलं की गाडीवाले शिव्या घालतेत." बद्रीनाथनं पेटी उघडून सातचा आकडा भरला आणि सगळे पोहे खायला गेले. आता मला सांगा, रात्री-पहाटे सायकल हाणणारा माणूस क्लबातला असतो का? पण ते तेव्हा कुणाच्या डोक्यात आलं नाही. शहाण्यांची अशीच चूक होते.

तीन डिसेंबरच्या पहाटे त्या चौकात इब्राहीमचाचा गेले. साठी उलटलेला माणूस, नानच्या भट्टीवर कामाला. मागच्या कॅरियरला नानची भलीमोठी पेटी बांधायची आणि उजाडायच्या आत हॉटेलांना माल पोचवायचा, हा चाळीस वर्षांचा शिरस्ता. ट्रकनं उडवलं. ट्रकवाला म्हणाला, मला हिरवा होता. सिग्नलच्या पेटीतल्या यंत्राची नोंद त्या घटकेपुरती बघितली, तर गाड्यांना खरंच हिरवा होता. म्हणजे सायकलला लाल. म्हणजे म्हाताराच लालमधून घुसला. तात्यासाहेबांनी तसा अहवाल टाईप करून ठेवला. शुक्रवारी सकाळी त्यावर बद्रीनाथची सही झाली की विषय संपला.

गुरुवारी दुपारी चाचांची बायको जहांआरा ऑफिसात आली. रडली नाही, भांडली नाही. बद्रीनाथच्या टेबलापाशी उभी राहिली.

"बाबा, मशीन तूच बघतो ना? लोकां बोलतेत, बुढ्ढा लाल तोडून घुसा. जनाज्यालाबी हेच बोलत होते." मग म्हणाली, "चालीस साल सायकल चालवली त्यांनी. लाल कधी नाय तोडला. तू सही करशील तर नीट बघून कर. दुसरं काय नको मला."

बद्रीनाथला तिची चीड आली. खरं बोलणाऱ्या माणसाची येते तशी. तरी ती गेल्यावर त्यानं यंत्रातल्या नोंदी पुन्हा काढल्या, आणि त्याच्या कपाळावर आठी पडली. चार तारखेपासून रोज पहाटे चार वाजून पन्नास मिनिटांनी बटन दाबलेलं. एकदा नाही, लागोपाठ तीनदा, थांबून पुन्हा तीनदा, आणि पुन्हा. एकही दिवस खाडा नाही, मिनिटाचा फरक नाही.

झालं! संशयी माणसाला एवढं पुष्कळ. म्हातारीनं कुणाला तरी उभं केलं असेल, यंत्र बिघडलंय असं दाखवायला. नाहीतर ट्रकवाल्याचा माणूस असेल. की तात्यासाहेबच? उद्या काही निघालं तर बद्रीनाथनंच गडबड केली म्हणायला मोकळे. त्याचं कंत्राट जानेवारीत संपत होतं. कुणीतरी आपल्याला यात अडकवतंय, एवढं त्यानं पक्कं धरलं.

चौकात कोपऱ्यावर फर्निचरचं दुकान आहे. तिथं रात्रपाळीला कडूबा नावाचा वॉचमन, शेकोटी करून बसलेला. बद्रीनाथ त्याच्याजवळ टेकला.

"कडूबा, पहाटं हितं बटन कोण दाबतंय रं?"

कडूबानं विडी शेकोटीत टाकली. "कितींदा?"

"तीनदा."

"इब्राहीमचाचा तीनदा दाबायचा," कडूबा म्हणाला. "मशिनीवर भरवसा नव्हता त्याचा. म्हणायचा, एकदा दाबलं तर तिला ऐकू येत नाय."

"आन् आता कोण दाबतंय?"

"म्या त्या टायमाला आत जाऊन बसतो, साहेब. शटर लावून."

"का?"

कडूबानं शेकोटीतलं लाकूड पुढं सारलं. बद्रीनाथनं मनात त्याचंही नाव यादीत घातलं.

मग त्यानं सापळा लावला. बटनावर काळं ग्रीस बोटभर थापलं. दाबणाऱ्याचं बोट काळं होणार आणि ग्रीसवर ठसा उमटणार. खांबापासून पंधरा पावलांवर बंद रसवंतीच्या मागं पोतं अंथरून तो बसला. एक वाजला, दोन वाजले. नाक्यावरून उसाचे ट्रक जात होते. चारच्या सुमाराला तेही थांबले. साडेचारला कडूबा उठला, शेकोटीवर पाणी ओतलं आणि आत गेला. शटर खाली आल्याचा आवाज झाला.

चार पंचेचाळीस. चौकात कुत्रंसुद्धा नाही.

बद्रीनाथ खांबाकडं बघत होता. नजर हलवली नाही. पापणीसुद्धा मुश्किलीनं लववली. खांबापाशी कुणी आलं नाही. हे तो आजही शपथेवर सांगतो.

चार पन्नास.

टक.

टक. टक.

बटनावरचा बारका दिवा लागला. गाड्यांना लाल पडला. समोर इवलीशी सायकल हिरवी झाली.

आणि आवाज आला. चेन करकरल्याचा. जड ओझं घेऊन पायडलवर उभं राहिल्यावर येतो तसा. कर्र… कर्र… कर्र…

रस्त्यावर काही नव्हतं. आवाज मात्र खांबापासून निघाला आणि पट्ट्यावरून पुढं चालला. हळू. एक पायडल, मग दुसरं. मध्येच लांब श्वास सोडल्यासारखं काहीतरी.

बद्रीनाथच्या डोक्यात आपोआप आकडे सुरू झाले. चार… पाच… सहा… सात.

सायकल लाल झाली.

आवाज रस्त्याच्या मध्यापर्यंतही पोचला नव्हता.

गाड्यांना हिरवा पडला. आवाज थांबला…

मग काहीच नाही.

बद्रीनाथचं अंग थंड पडलं. वायर कुठंतरी भिडली असेल, थंडीनं असं होतं, असं तो स्वतःला सांगत होता. तेवढ्यात…

टक. टक. टक.

पुन्हा हिरवा. पुन्हा खांबापासून. कर्र… कर्र… पुन्हा सात. पुन्हा मध्याच्या अलीकडं.

गप्प.

मग मात्र तो उठला. धावत खांबापाशी गेला, बॅटरी मारली. ग्रीस जसंच्या तसं होतं. त्याच्याच बोटाच्या रेघा त्यावर होत्या, दुसरं काही नाही. आणि त्याच्या डोळ्यांदेखत, हातभर अंतरावर, ग्रीसखालचं ते बटन आत गेलं.

टक.

बाहेर आलं. आत गेलं.

टक. टक.

कर्र…

या खेपेला तो आवाज त्याच्या अगदी जवळून गेला. भाजलेल्या मैद्याचा ऊन वास आला. गार हवेत, एकदम. बद्रीनाथ आवाजाच्या बरोबरीनं रस्त्यात उतरला. का, ते त्यालाही सांगता येत नाही. चार… पाच… पायाखाली हिरवा पट्टा… सहा… सात.

तो मध्याच्या अलीकडंच उभा होता. समोर सायकल लाल. वर गाड्यांना हिरवा. निम्म्याहून जास्त रस्ता अजून पुढं.

तेव्हा त्याला कळलं. म्हातारा लालमध्ये घुसलाच नव्हता. हिरव्यात निघाला होता. बटन दाबून, वाट बघून, नेमानं निघाला होता. लाल त्याच्यावर मध्यात येऊन पडला. आणि तो लाल बद्रीनाथनं मोबाईल हातात धरून, पोह्यांच्या घाईत लावला होता. दुपारपासून साऱ्या गावावर संशय घेऊन झाला होता. एक माणूस तेवढा यादीतून सुटला होता.

"चाचा…" एवढंच त्याच्या तोंडून निघालं. रडू आलं त्याला, भर रस्त्यात.



तो पेटीकडं गेला. कुलूप काढलं. सात पुसून अंदाजानं दुप्पट केले. चौदा. दार लावलं, कुलूप घातलं. नोंदवहीतल्या कागदाची पट्टी फाडून दाराच्या फटीवर चिकटवली आणि तिच्यावर तारीख, वेळ, सही केली. संशयी माणूस भीतीनं अर्धा झाला तरी सही विसरत नाही. मग मागं न बघता मोटरसायकल काढली. चावी खिशात होती आणि दुसरी चावी कुणाकडंच नव्हती.

सकाळी तात्यासाहेबांनी अहवाल पुढं केला. बद्रीनाथनं तो फाडला आणि कोऱ्या कागदावर हातानं लिहिलं: इब्राहीम हे हिरव्या दिव्यावर निघाले. दिलेला वेळ अपुरा होता. तो वेळ मी मोजला, चुकीचा मोजला.

"येडा झालास का तू?" तात्यासाहेब ओरडले. "नोकरी जाईल तुझी. माझीबी जाईल. कुणी शिकवलं तुला हे? बुढ्ढीनं?"

"मोजून बघा," बद्रीनाथ म्हणाला. "पर क्लबाचा गडी नको."

तो कागद पोलिसांकडं गेला. दुपारी पोलीस साहेब आले, वाहतूक अडवली. भट्टीवरून शफीक आला. हाही साठीचाच, चाचांच्या जोडीचा कामगार. तसलीच जुनी सायकल, कॅरियरला तेवढीच भरलेली पेटी. जहांआरा फूटपाथवर पदर तोंडाला लावून उभी होती. साहेबांनी स्वतः घड्याळ धरलं. शफीकनं एक पाय टेकून सायकल उभी केली, हिरवा म्हटल्यावर पायडलवर भार टाकला आणि निघाला. कर्र… कर्र… बद्रीनाथनं डोळे मिटून घेतले.

"एकोणीस," साहेब म्हणाले. पुन्हा करायला लावलं. पुन्हा एकोणीस.

साहेबांनी जहांआराकडं बघितलं आणि टोपी काढून काखेत धरली. "अम्मा, त्यांची चूक नव्हती," एवढंच म्हणाले. ती बाई तेव्हा मटकन खाली बसली आणि पहिल्यांदा रडली.

"लावा एकोणीस. आत्ता, माझ्यासमोर," साहेबांनी तात्यासाहेबांना फर्मावलं.

सगळे पेटीपाशी गेले. बद्रीनाथनं सांगितलं, "रात्री म्या चौदा लावून गेलोय." कागदाची पट्टी जागच्या जागी होती. कुठं फाटलेली नाही, सुटलेली नाही. सही साहेबांनी वाचली, वेळ वाचली. मग स्वतःच्या हातानं पट्टी काढली. बद्रीनाथनं खिशातून चावी काढून कुलूप उघडलं.

साहेब वाकले. बराच वेळ तसेच वाकून राहिले. मग बाजूला सरकले, बद्रीनाथला दिसावं म्हणून.

आत आकडा होता… एकोणीस.