नंदूच्या माशाचं पाणी

माशाला शिळं पाणी लागतं, हे आमच्या आईला पटवता पटवता माझा घसा कोरडा पडायचा. मासा नंदूचा, म्हणजे माझ्या धाकट्या भावाचा. नंदू मालबोटीवर खलाशी होता. १९५४ च्या सप्टेंबरात बोटीवर जाताना त्यानं आपला सोनमासा काचेच्या टाकीसकट माझ्या गळ्यात मारला. "दादा, मी येईपर्यंत याला जगव. तुझ्या त्या नळ्या-बाटल्यांचा काहीतरी उपयोग होऊ दे की!"

नळ्या-बाटल्या म्हणजे माझी नोकरी. अंधेरीला मरोळच्या रस्त्यावर औषधांचा एक कारखाना होता, तिथल्या प्रयोगशाळेत मी पाणी तपासायचो. त्यामुळे मी टाकीचं सगळं रीतसर करायचो. नळाच्या पाण्यात ब्लिचिंग पावडर असते, तिनं माशाचे कल्ले जळतात. म्हणून पाणी बादलीत दिवसभर उघडं ठेवायचं. टाकीतलं तिसरा हिस्साच पाणी रबरी नळीनं काढायचं आणि तेवढंच नवं, काठावरून, हळूहळू सोडायचं. सगळं पाणी एकदम बदललं तर मासा धसक्यानं मरतो.

आणि आमची आई मालवणची. रोज पहाटे हंडे-कळश्या घासून कालचं पाणी ओतून द्यायचं आणि ताजं भरायचं, हा तिचा जन्माचा नेम. बादली बघितली की तिचे हात शिवशिवायचे. "शिळा पाणी माणसाक देणत नाय, मग माशाक कित्याक?"

"आई, हात लावू नकोस. मरेल तो."

"नंदूचो मासो तो. मरात कसो?"

कप्पाळ!

सोळा ऑक्टोबर, शनिवार. सकाळी मासा वर येऊन धापा टाकताना दिसला. पर अंगाला चिकटलेले, पाठीवर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके. हा रोग मला ठाऊक होता. मी एका घमेल्यात मुरलेलं पाणी घेऊन त्यात मीठ विरघळवलं, माशाला घड्याळ लावून दहा मिनिटं त्यात ठेवलं आणि परत टाकीत सोडलं. तो माझ्या ओंजळीत अगदी गप्प पडून राहिला. मला एकदम भरून आलं. एवढ्याशा जिवाचं मला काय ते पडलं होतं, पण नंदूला काय तोंड दाखवू?

रविवारी तिसरा हिस्सा पाणी बदललं. बोट ओलं होतं, ते सहज जिभेला लागलं. खारट.

टाकीत मी मिठाचा खडासुद्धा टाकला नव्हता. आईवर संशय आला. तिनं दृष्ट काढून मीठ पाण्यात टाकलं असणार.

"दृष्टीचा मीठ चुलीत घालतत," ती फणकारली. "माका शिकवतंस?"

सोमवारी कारखान्यातून सिल्व्हर नायट्रेटची बाटली आणली. खारट पाण्यात त्याचे थेंब पडले की पाणी दुधाळ होतं. रविवारी बाटलीत भरून ठेवलेलं टाकीचं पाणी नुसतं धुरकट झालं. सोमवारचं दह्यासारखं पांढरं झालं. मध्ये चोवीस तास गेले होते. टाकीला आम्ही कोणी शिवलो नव्हतो. मी तीनदा तपासलं, नळी बदलून तपासलं. मासा तळाशी आडवा पडला होता, फक्त कल्ले हलत होते.

त्याच संध्याकाळी बोटकंपनीचा माणूस घरी आला. शुक्रवारी भर समुद्रात वादळ झालं होतं. बोट बंदराला लागली नव्हती. तपास चालू आहे, म्हणाला. आई त्याला चहा द्यायला विसरली. असं मी कधी पाहिलं नव्हतं.

बराच वेळ ती टाकीसमोर बसून होती. मग म्हणाली, "ह्यो जिवंत आसा ना? मग नंदू येतलो."

मी पाणी तपासणारा माणूस. मला तिला सांगायचं होतं की याचा त्याचा काही संबंध नाही. नाही सांगवलं.

मंगळवारी कामावरून आलो तर अंगणात तुळशीपाशी चिखल. घरातली सगळी भांडी घासून भरलेली. आणि टाकी लख्ख! काच आरपार दिसत होती, घरभर ब्लिचिंगचा वास.

"आई! काय केलंस हे?"

"सगळा ओतलंय. सकाळी नळ इल्याबरोबर ताजा भरलंय." तिचा आवाज शांत होता. "पोर येवचो आसा, घरात शिळा पाणी ठेवू?"

मी ओरडलो. आयुष्यात पहिल्यांदा आईवर ओरडलो, आणि अजून लाज वाटते. "मारलंस तू त्याला! वाट लावलीस सगळ्याची!"

तिनं नुसतं टाकीकडे बोट केलं.

मासा पोहत होता.

पर पसरलेले. पाठीवर एकही ठिपका नाही.

मी पाण्यात सिल्व्हर नायट्रेट टाकलं. पाणी स्वच्छ राहिलं.

बारा नोव्हेंबरला नंदू घरी आला. कातडी सोललेली, हाडं वर आलेली, पण आमचा नंदू! आई त्याच्या तोंडावरून हात फिरवत राहिली. मी दारामागे जाऊन रडून घेतलं.

जेवताना तो सांगत होता. शुक्रवारी बोट बुडाली. फळी धरून चार दिवस. मंगळवारी संध्याकाळी एका गलबतानं उचललं.

"चार दिवस पाण्याशिवाय?" मी विचारलं.

"तीन." तो भात कालवत राहिला. "मंगळवारी सकाळी पाणी गोड झालं, दादा."

"समुद्राचं?"

"हो. आपल्या नळाचं असतं ना, तसं. औषधाचा वास होता, डोळे चुरचुरले. पोटभर प्यालो."

आईनं त्याच्या ताटात आणखी भात वाढला.

"एकटाच होतास रे?" तिनं विचारलं.

"नाही. श्यामसुंदर होता, आमच्या बोटीवरचा, वेंगुर्ल्याचा. त्याच फळीवर, हातभर अंतरावर." नंदूचा घास हातातच राहिला. "मी म्हटलं, पी, गोड आहे. त्यानं ओंजळ तोंडाला लावली आणि थुंकला. खारट आहे रे, म्हणाला."

आईनं पाण्याचा तांब्या त्याच्यापुढे सरकवला.

"त्याला वाटलं मला भ्रम झालाय. पिऊ नको नंदू, मरशील, म्हणत त्यानं माझं मनगट धरून ठेवलं. दुपारपर्यंत धरून होता. मग त्याची गार पडलेली बोटं मला एकेक करून सोडवावी लागली."