दोडक्याचा नेम

श्रावणातला सोमवार. नलिनी महादेवाला पाणी घालून परतली, तर आईच्या खानावळीमागच्या गल्लीत रोज तिथंच जेवणारे पोस्टातले हेमंत कागदाच्या पुडीतून गाईला काहीतरी भरवत उभे.

दोडक्याची भाजी! पहाटे तिनंच केलेली.

"तिले आवडते," हेमंत चपापून म्हणाले.

"अन् तुमाले?"

"मी... खाऊन राहिलो होतो."

"गाईच्या तोंडानं?"

हेमंतना कावीळ होऊन महिना झाला होता. डॉक्टरांनी तेल-तिखट बंद केलेलं. सौंसरचा हा माणूस आईपासून दूर, पांढुर्ण्यात एकटा... गळ्याची हाडं वर आलेली. तांब्या छातीशी धरून नलिनीनं क्षणभर डोळे मिटले.

"मी संत्रं सोडलं. तुम्ही दोडका आवडीनं खासाल तोवर."

"अजी, संत्र्याले अजून दोन महिने आहेत!" ते हसले.

"मग तेवढ्यात शिका."

ती शिकवू लागली. कधी मुगाची डाळ घालून, कधी खोबरं-जिरं लावून, कधी शिरांची चटणी तिळासोबत वाटून. ते नाक मुरडत, पण गल्लीत जात नसत. हळूहळू गालांवर रंग आला... आणि बाजारात संत्र्यांच्या गाड्या. घरभर वास दरवळायचा. नलिनी सोलून सगळ्यांना द्यायची, बोटं लुगड्याला पुसायची.

एक दिवस हेमंत ताटाकडे बघतच म्हणाले, "आज लयच मस्त झाला दोडका. घ्या, खा संत्रं."

फोड ओठांशी नेताना तिला त्यांचे कान दिसले. लाल झालेले.

"महादेवाची आण घालू?"

"...नका. नाही आवडला. पण तुमची बोटं पुसणं पाहवत नाही मले."

तिनं फोड खाली ठेवली. रागावली नाही. फक्त भाजीत मीठ दोनदा पडलं त्या संध्याकाळी.

कार्तिक लागला. तिखटाची मोकळीक मिळाली म्हणून नलिनीच्या आईनं, देवकाबाईंनी, मसाल्याची वांगी केली. बाजूला वाटीत दोडका. हेमंत सौंसरच्या बागेच्या गोष्टी सांगत होते, फांद्यांना टेकू कसे देतात ते. बोलता बोलता वाटी पुढे केली.

"अजून आहे का?"

"बापा! वांग्याले तर हातबी नाही लावला!" देवकाबाई म्हणाल्या.

हेमंतनी ताटाकडे पाहिलं. मग दाराकडे. तिथं नलिनी पळी धरून उभी, डोळे भरलेले.

ते हात धुऊन आले, पिशवीतून संत्रं काढलं. "आमच्या बागेतलं. महिनाभर रोज आणून राहिलो, रोज परत नेऊन राहिलो."

तिनं देवापुढं ठेवलं, नमस्कार केला, आणि पहिली फोड तोंडात घातली. आंबट-गोड रस...

"आई येऊन राहिली सोमवारी," ते हळूच म्हणाले. "तुमच्या हातचा दोडका खायले."

"फक्त खायले?"

"नाही... मागायलेही. दोडका नाही."

देवकाबाई पाण्याचं निमित्त करून आत गेल्या. मागच्या गल्लीत गाय हंबरली. नलिनीनं सालं ओंजळीत घेतली, लाजत म्हणाली, "चला. तिलेही सांगू. आता तिच्या वाट्याले सालंच."