रोडपालीतलं विष

"मना घरात कोनतरी विष घालतंय," खुर्चीवर टेकायच्या आतच तुळशीरामशेठ म्हणाले.

खासगी गुप्तहेर वसुंधराताईंनी शांतपणे पाणी पुढे केलं. त्यांच्या मदतनिसाने, सत्यजीतने, मनातल्या मनात सुनेला अटकही करून टाकली.

"होतं काय?"

"छातीत जळतं. इथंच." शेठनी एक बोट टेकवलं. "रातचा जेवून आडवा झालो का सुरू. हार्टचा डॉक्टर बोलला, स्कॅनची गरज नाय. मग विषच ना? सून रांधते. उद्या तिला माहेरी धाडतो."

"चढ चढताना दुखतं?"

"रोज बेलपाड्याची टेकडी चढतो. काय नाय होत."

दुपारी दोघं रोडपालीला शेठच्या घरी पोचले. सून मनिषाचे डोळे सुजले होते. "सगळ्यांना एकाच पातेल्यातलं वाढते. बाबांना मात्र झणझणीत सुकट पुन्हा पुन्हा लागते."

"आणि हात धुतला की थेट गादी," मुलगा निकेश म्हणाला.

शेठची बायको कमळाबाई चहा घेऊन वर येत होती. अर्ध्या जिन्यात ती थांबली, छातीवर तळहात दाबला, मग वर आली. तोंडात लवंग होती.

"दाढ दुखते?" ताईंनी विचारलं.

"चालली का जबडा ठणकतो. बसली का जातो. बाजाराला आता रिक्षानंच जाते. वय झाला."

सत्यजीतने चहाचा कप हळूच लांब सरकवला. ताईंनी आपला संपवला आणि सगळ्यांना बसवलं.

"विष नाही. सगळे तेच जेवतात, दुखतं एकालाच. तेही तिखट खाऊन लगेच आडवं झाल्यावर. टेकडी चढताना कधीच नाही. ही जळजळ पित्ताची. डॉक्टर बरोबर बोलले."

शेठ सुनेकडे बघेनात.

"पण स्कॅनचं या घरात दुसऱ्याच कुणासाठी विचारायला हवं. चढताना छाती दाबावी लागते, चालताना जबडा ठणकतो, आणि बसलं की दोन्ही थांबतं. ही दाढ नव्हे. हृदयाचं दुखणं असं येतं. कमळाबाई, डॉक्टरांकडे आजच जायचं."

"मी?" कमळाबाई गोंधळली. "मना काय झालाय?"

शेठ मात्र उठून गाडीची किल्ली शोधू लागले होते.

डॉक्टरांनी तिचं ऐकून स्कॅन सांगितलाच. एक रक्तवाहिनी अरुंद निघाली. वेळेत कळलं, गोळ्यांवर भागलं. शेठनी सगळ्यांसमोर सुनेची माफी मागितली.

"मशीनमदी भीती वाटली का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"नाय. श्वास रोखून धरा बोलले," कमळाबाई म्हणाली. "तुमच्यासंगं उभा जलम त्येच केलाय."

सगळ्यात मोठ्याने मनिषा हसली.